जिप्सी किंगचे पुढचे कॅलिपर : किट टाकून रिपेअर करू का सरळ नवे घेऊ?

नान्नज_किंग (सोलापूर) :

नमस्कार मंडळी, जरा डिटेलमध्ये लिहितोय कारण गाडी घरची आहे, वडिलांनी घेतलेली, आणि ब्रेकचा विषय असल्यामुळे अंदाजपंचे काही करायचं नाहीये.

गाडी २००६ ची जिप्सी किंग, पुढे डिस्क मागे ड्रम, टायर २३५/७५ आर १५. पावसाळ्यात शेताकडं, नान्नजच्या माळावर, काळ्या मातीतून भरपूर चालली आणि त्यानंतर शेडमध्ये उभीच होती. आता बाहेर काढल्यापासून डावीकडं ओढतीय, म्हणजे ब्रेक न मारतासुद्धा. होटगी रोडला एक चक्कर मारून आलं की पुढची डावी रिम इतकी तापलेली असते की हात ठेववत नाही, उजवी मात्र नॉर्मल. मायलेज पण पडलंय. जॅकवर घेऊन चाक फिरवलं तर हातानं जेमतेम फिरतंय.

गेल्या आठवड्यात घरच्यांना घेऊन तुळजापूरला गेलो होतो, येताना घाट उतरताना पेडल एकदम स्पंजसारखं झालं आणि खाली खाली जायला लागलं. गिअर डाऊन करून, हँडब्रेक लावत बाजूला घेतली, थोडा वेळ थांबल्यावर पेडल परत आलं. तेव्हापासून गाडी घराबाहेर काढलेली नाही.

मेकॅनिकी चौकात एका ठिकाणी दाखवली, ते म्हणाले दोन्ही कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे जबडे) बदला, नाहीतर डाव्याचं नुसतं किट टाकून देतो. दुसऱ्यानं सांगितलं की लेथवर कॅलिपरचा पिस्टन बनवून घेऊ, आयुष्यभर बघायला नको. आता दोघांचं ऐकून तीन दिशा. किट म्हणजे सील आणि डस्ट बूट (धूळ-पाणी अडवणारं रबर) एवढंच ना? ते टाकून जुना कॅलिपर खरंच परत भरवशाचा होतो का? आणि एकच बाजू केली तर चालतंय का? कुणी स्वतः केलं असेल तर सांगा, मला पाने धरता येतात, वडील पण मदतीला आहेत.

घाट_उतार :

सगळ्यात आधी, गाडी उभी ठेवलीत हे फार बरं केलंत. घाटात जे झालं ते ब्रेक ऑइल उकळल्यामुळं. पॅड सतत डिस्कला घासत राहिला, ती उष्णता पिस्टनमधून ऑइलमध्ये गेली, ऑइल जुनं असेल तर त्यात पाणी मुरलेलं असतंच, कारण हे ऑइल हवेतलं बाष्प ओढून घेतं. डॉट ३, डॉट ४ हे ब्रेक ऑइलचे ग्रेड. नव्या डॉट ३ चा उकळबिंदू कमीत कमी २०५ डिग्री धरलाय, पाणी मुरल्यावर तोच १४० वर येतो. डॉट ४ चा नवा २३० आणि पाणी मुरलेला १५५. उकळलं की पाइपमध्ये वाफ होते, ऑइल दाबलं जात नाही पण वाफ दाबली जाते, म्हणून पेडल खाली जातं आणि चाकाला काहीच पोचत नाही. थंड झालं की वाफेचं परत ऑइल होतं आणि पेडल वर येतं, मग माणसाला वाटतं गाडी ठीक झाली. ती ठीक झालेली नसते.

आता कॅलिपर नवा का जुना हा प्रश्न नंतरचा. चाक धरून कोण बसलंय ते आधी बघा. तीन गोष्टी असू शकतात. पिस्टन जाम, कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या पिना जाम, नाहीतर रबरी होज पाइप आतून फुगलाय. हा तिसरा प्रकार बरेच जण बघतच नाहीत. होज बाहेरून एकदम चांगला दिसतो पण आतलं रबर सुटून झडपेसारखं होतं, पेडल दाबलं की ऑइल पुढं जातं, सोडलं की परत येत नाही. मग लोक नवा कॅलिपर टाकतात आणि तोही जाम होतो.

टेस्ट सोपी आहे. थोडी गाडी चालवून चाक जाम होऊ दे, वस्तीतल्या सपाट रस्त्यावर आणि अगदी हळू, मेन रोडला जाऊ नका. मग जॅकवर घ्या, खाली घोडा (लोखंडी स्टँड) लावा, आणि त्या कॅलिपरचं ब्लीडिंग निपल (ब्रेकमधली हवा आणि ऑइल काढायचं छोटं तोंड) थोडं ढिलं करा. ऑइलची पिचकारी उडून चाक मोकळं झालं तर प्रेशर अडकलंय, म्हणजे कॅलिपर निर्दोष असू शकतो. चाक तसंच घट्ट राहिलं तर दोष कॅलिपरमध्येच, पिस्टन नाहीतर पिना. निपल ढिलं केल्यावर मोकळं होत असेल तर पुढच्या वेळेस निपलला हात न लावता होजच्या वरचा लोखंडी पाइपचा जॉइंट ढिला करून बघा. त्यानं पण मोकळं झालं तर दोष वर, मास्टर सिलेंडर (पेडल दाबल्यावर ऑइलला प्रेशर देणारा) किंवा बूस्टरच्या (पेडलचा जोर वाढवणाऱ्या डब्याच्या) रॉडकडं. त्यानं नाही झालं आणि निपलनं होतं तर होज. तुमचं एकच चाक आहे म्हणून मास्टरवर माझा संशय कमी, मास्टरचा दोष असता तर सहसा दोन्ही पुढची चाकं धरली असती.

आणि ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण उघडून आतलं रबर बघा. ते फुगून वेडंवाकडं झालं असेल तर कुणीतरी कधीतरी ब्रेक ऑइलच्या जागी दुसरंच ऑइल ओतलंय, मग मास्टरपासून मागच्या व्हील सिलेंडरपर्यंत सगळं रबर बदलावं लागतं, एकट्या कॅलिपरचं काम राहत नाही.

बार्शी_४बाय४ :

माझं मत थोडं वेगळं आहे. घाट_उतार यांनी टेस्ट सांगितली ती बरोबर, ती कराच, पण कॅलिपरमध्ये दोष निघाला तर मी म्हणेन सरळ दोन्ही नवे टाका. गाडी जवळपास वीस वर्षांची, घरचे लोक बसतात, आपल्याकडं उसाच्या सीझनला बिनलाइटच्या ट्रॉल्या समोर येतात, तेव्हा ब्रेकमध्ये काटकसर नको. किट काहीशे रुपयांत येतं आणि कॅलिपर काही हजारांत, हा फरक एकदाच आहे. आणि गॅरेजवाला किट टाकताना आतली खाच नीट साफ करेल याची काय गॅरंटी? माझ्या शेजाऱ्यांच्या गाडीत नुसतं नवं सील कोंबून दिलेलं, वर्षभरात परत गळायला लागला.

फक्त घेताना बघून घ्या. जिप्सी बंद होऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळं बाजारात नवा म्हणून रंग मारलेला जुना माल पण फिरतो. बूट काढून पिस्टनचा चकाकता भाग बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. बिल घ्या.

नान्नज_किंग :

धन्यवाद दोघांना. आज सकाळी टेस्ट केली. गल्लीतच दोन-चार चकरा मारल्या, चाक धरलं, निपल ढिलं केलं. थोडं ऑइल आलं, काळंकुट्ट चहासारखं, पण चाक मोकळं झालं नाही. म्हणजे कॅलिपरच ना? झाकणाचं रबर व्यवस्थित आहे, फुगलेलं नाही.

मग चाक काढून कॅलिपर हलवून बघितला तर तो पिनांवर सरकतच नाही. खालच्या पिनेचा बूट फाटलेला आहे आणि आत वाळलेली माती. आतला पॅड जवळपास संपलाय, बाहेरचा अर्धा शिल्लक. पिस्टन अजून काढलेला नाही. उजव्या बाजूला बूट शाबूत आहेत.

बार्शीकर दादा तुमचं पटतंय, पण नवा कॅलिपर इथं कुणाकडं शिल्लक नाही, पुण्याहून मागवतो म्हणतात. तोपर्यंत हा उघडून बघावा का?

जुनं_लोखंड :

उघडाच. नवा घ्यायचा का जुना ठेवायचा हे पिस्टन हातात घेतल्याशिवाय ठरत नाही, फोनवर तर कुणीच सांगू शकत नाही. मी जुन्या फोर बाय फोर गाड्यांचंच काम करतो, त्यामुळं जरा लांबड लावतो, वाचून घ्या.

आधी तुमची लक्षणं. एक पॅड संपलेला आणि दुसरा अर्धा, म्हणजे कॅलिपर पिनांवर अडकलाय. जिप्सीचा कॅलिपर एका पिस्टनचा, सरकता. पिस्टन फक्त आतल्या पॅडला ढकलतो आणि अख्खा कॅलिपर पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिना जाम झाल्या की सगळं काम आतल्या पॅडवर येतं आणि ब्रेक सोडल्यावर कॅलिपर मोकळा होत नाही. आपल्या काळ्या मातीत हे नेहमीचं, ती ओली असताना फटीफटीत शिरते, वाळली की निघत नाही. बूट फाटला की पिन गेलीच. तुमच्या गाडीत अर्धा आजार पिनांचाच आहे.

आता पिस्टन. होज कॅलिपरला लावलेलाच ठेवा, कॅलिपर उतरवा, पॅड काढा, पिस्टनसमोर लाकडाची फळी ठेवा आणि वडिलांना पेडल हळूहळू दाबायला सांगा. पेडलच्या प्रेशरनं जाम पिस्टन पण सहसा येतो आणि कंट्रोलमध्ये येतो. कंप्रेसरची हवा मारून काढतात तेव्हा पिस्टन गोळीसारखा सुटतो, बोटं मधे असतील तर चिरडतात, घरी तो प्रकार करू नका. दुसऱ्या बाजूचा कॅलिपर डिस्कवर बसलेलाच असू दे. आणि हे महत्त्वाचं, पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा म्हणजे ते तळाला जाणार नाही. जुन्या मास्टर सिलेंडरमध्ये रोज जेवढा स्ट्रोक होतो तेवढाच भाग गुळगुळीत असतो, पुढं गंज बसलेला असतो, पेडल तळापर्यंत दाबलं की मास्टरचे सील त्या गंजावर फाटतात. कॅलिपरचं काम करून गाडी नेली आणि चार दिवसांत मास्टर बसला, असं जे होतं ते यामुळंच. ब्लीडिंग करताना पण ठोकळा राहू द्या.

पिस्टन बाहेर आला की पुसून उजेडात धरा. डिस्क कॅलिपरमध्ये सील असतं सिलेंडरच्या खाचेत आणि ते घासतं पिस्टनवर. म्हणजे ऑइल थांबवण्याचं काम पिस्टनचा पृष्ठभाग आणि ती खाच, या दोघांचं. सिलेंडरच्या भिंतीला थोडे डाग असले तर बारीक पॉलिश पेपरनं साफ करून चालतात, पिस्टनवर खड्डा चालत नाही. क्रोम उडून नखाला लागेल असा खड्डा असेल तर त्या पिस्टनवर किट वाया घालवू नका.

खड्डे कुठं असतात तेही बघा. बहुतेक वेळा ते सीलच्या बाहेर, डस्ट बूटच्या आतल्या पट्ट्यात असतात, कारण बूट फाटल्यावर पाणी तिथं साठतं. जुने पॅड झिजलेले असतात तेव्हा पिस्टन बाहेर आलेला असतो, सील चांगल्या भागावर बसलेलं असतं, काही गळत नाही. नवे पॅड टाकायला पिस्टन आत ढकलला की तोच खराब पट्टा सीलखाली येतो आणि गळती सुरू. मग लोक म्हणतात कालपर्यंत ठीक होतं, पॅड बदलले आणि बिघडलं. बार्शीकरांच्या शेजाऱ्यांचं पण असंच झालं असण्याची शक्यता आहे, नवं सील जुन्या खड्ड्यांवर.

खाचेत पांढरट-तपकिरी थर असतो, गंज आणि वाळलेलं ऑइल. तो लाकडी किंवा प्लास्टिकच्या कांडीनं खरवडून काढा, स्क्रू ड्रायव्हरनं ओरखडा पडला तर कॅलिपर गेला. थर तसाच ठेवून सील बसवलं की ते जास्त दाबलं जातं. पेडल सोडल्यावर पिस्टनला किंचित मागं ओढायचं काम कुठली स्प्रिंग करत नाही, चौकोनी कापाचं ते सीलच वळतं आणि परत सरळ होताना पिस्टनला मागं घेतं. खाच घाण असेल तर सील वळायला जागा नाही, म्हणजे नवं किट टाकूनही चाक धरणार. किटला नावं ठेवणारे बरेच जण ही खाच साफ न करताच नावं ठेवतात.

धुवायला ब्रेक क्लीनर किंवा ताजं ब्रेक ऑइल. रबराला पेट्रोल, डिझेल, रॉकेल अजिबात लावायचं नाही, फुगतं. पिनांना साधं पिवळं ग्रीस नको, ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस घ्या, छोटी ट्यूब मिळते. सील ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून बसवा, पिस्टन हाताच्या दाबानं सरळ जायला पाहिजे, हातोडीची गरज पडली तर तिरका गेलाय, काढून परत घाला. बँजो बोल्टचे (होज कॅलिपरला जोडणारा बोल्ट) तांब्याचे वायसर नवेच टाका. होज पण या निमित्तानं बदला, तुमचा आत्ता दोषी नसला तरी वीस वर्षांचं रबर आहे.

आणि दोन्ही बाजू करा. उजवीचे बूट शाबूत असले तरी आतलं ऑइल आणि वय तेच. एक बाजू मोकळी आणि एक आळशी राहिली तर ब्रेक मारल्यावर गाडी ओढणारच, पॅड तर जोडीनंच बदलायचे.

अक्कलकोट_रोड :

लेथच्या पिस्टनबद्दल लिहितो, आमचं एमआयडीसीत लेथचंच काम आहे. पिस्टन बनवता येतो, स्टेनलेसमध्ये चांगला पण होतो, जुन्या परदेशी गाड्यांना जिथं पार्टच मिळत नाही तिथं लोक करतात. पण माप शंभरावा भाग मिलिमीटरमध्ये सांभाळावं लागतं आणि लेथवरून उतरलेला पिस्टन तसाच घालून चालत नाही, ग्राइंडिंग करून फिनिश आणावं लागतं. टूलच्या बारीक रेघा राहिल्या तर त्या सीलला खात राहतात. जिप्सीचा पिस्टन तयार मिळतो तोपर्यंत लेथकडं जाऊ नका असं मी लेथवाला असून सांगतो. आणि कुणी साधं एमएस (साधं पोलाद) वळवून क्रोम न करता देत असेल तर हात जोडून परत या, आपल्या पावसाळ्यात ते एका सीझनमध्ये गंजतं.

नान्नज_किंग :

जुनं_लोखंड काका, काय लिहिलंय हो, वडिलांनी दोनदा वाचून घेतलं. ठोकळ्याची गोष्ट तर इथं कुणी सांगितलीच नव्हती.

दोन्ही पिस्टन काढले. उजवा एकदम साफ आहे, नुसता पिवळट डाग होता, कापडानं निघाला. डाव्याला बरोबर तुम्ही म्हणालात त्याच पट्ट्यात, बूटच्या आत, एका बाजूला क्रोम उडालंय, नखाला लागतंय. खाचेत थर होता दोन्हीकडं. डावी खालची पिन पण खड्डे पडलेली, वरची ठीक.

तर आता असं ठरवतोय : दोन्हीकडं किट, डाव्याला नवा पिस्टन आणि पिनांचा सेट, दोन्ही होज नवे, पॅड नवे, डॉट ४. अख्खे कॅलिपर नको. बरोबर का? डिस्कवर हलक्या रेघा आहेत, टर्निंग (लेथवर डिस्क घासून सपाट करणं) करू का?

जुनं_लोखंड :

बरोबर. बॉडीची खाच गंजानं खाल्लेली नसेल तर बॉडी ठेवा, बीडाची (कास्ट आयर्न) आहे, तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त टिकेल. नखाला खड्डे लागले खाचेत तर मात्र बार्शीकरांचं ऐका आणि तो कॅलिपर नवा घ्या.

डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते, गंजानं गेली असेल तर मॅन्युअलमध्ये बघा, मायक्रोमीटरनं तीन-चार जागी मोजा. टर्निंगनंतर त्या मापाच्या खाली जाणार असेल तर नवीच. हलक्या रेघा असतील आणि पेडल थरथरत नसेल तर टर्निंग नको, उगाच जाडी कमी होते.

टायरबद्दल एक सांगायचंय. २३५/७५ हा मूळ टायरपेक्षा उंच आणि जड आहे, त्याच ब्रेकला जास्त काम पडतं. कॅलिपर कितीही चांगला केला तरी कंपनीच्या टायरवर थांबायची तेवढ्यात थांबणार नाही, घाटात अंतर ठेवा आणि उतारावर पहिल्यापासून खालच्या गिअरमध्ये राहा.

बार्शी_४बाय४ :

पिस्टन नवा टाकताय तर माझी हरकत नाही, जुन्याच पिस्टनवर किट टाकू नये एवढंच माझं म्हणणं होतं. खाचेचा मुद्दा मला पण नवीन आहे.

बसवताना डावा-उजवा अदलाबदल होऊ देऊ नका, दोन्ही एकत्र धुवायला घेतले की होतं. ब्लीडिंग निपल वरच्या बाजूला आलं पाहिजे. उलटे बसले तरी बोल्ट लागतात, पण निपल खाली येतं, हवा वर राहते आणि लिटरभर ऑइल संपवलं तरी पेडल घट्ट होत नाही. आत्ताच खडूनं डा आणि उ लिहून ठेवा.

घाट_उतार :

ब्लीडिंगचा क्रम : मास्टरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी. आपला मास्टर उजवीकडं, म्हणून मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. मागच्या एक्सलजवळ लोडप्रमाणे ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असेल आणि त्याला निपल असेल तर त्याची पण हवा काढा, ते राहिलं की पेडल थोडं मऊच राहतं. मागच्या चाकांतून पण काळं ऑइल जाऊन स्वच्छ येईपर्यंत काढा, पुढं नवं आणि मागं जुनं असं नको. टाकी मधे कधीच रिकामी होऊ देऊ नका. सील फोडलेली जुनी बाटली वापरू नका, कपाटात ठेवलेली सुद्धा बाष्प ओढते. सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, रंग खातं.

डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालतं. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते यात घालायचं नाही. नावात एकच आकडा जास्त म्हणून भारी समजून देणारे दुकानदार असतात.

पुढं दर दोन वर्षांनी ऑइल बदला आणि पावसाळा संपला की पिना काढून साफ करून ग्रीस लावा, तुमच्या वापराला ते लागणारच.

नान्नज_किंग :

झालं काम. सामान यायला वेळ लागला पण सगळं मिळालं. डाव्याची खाच साफ केल्यावर आत खड्डे निघाले नाहीत, पिस्टन हातानं सरळ गेला. डिस्क मापात होती, टर्निंग केलं नाही. हवा काढताना मागच्या डाव्या चाकातून आलेलं ऑइल बघून वडील म्हणाले हे बहुतेक गाडी घेतल्यापासूनचंच आहे. आता पेडल वरच आणि घट्ट, चाक हातानं मोकळं फिरतंय, नुसता पॅडचा हलका आवाज येतो. रात्रभर गाडी उभी करून सकाळी खाली पुठ्ठा बघितला, कोरडा.

नवे पॅड लगेच जोरात वापरायचे का काही करावं लागतं? रविवारी परत तुळजापूरला जायचं म्हणतायत घरचे.

जुनं_लोखंड :

रविवारच्या आधी पॅड डिस्कवर नीट सेट करून घ्या. पहाटे मोकळ्या रस्त्यावर, मागं कुणी नसताना, ५० च्या आसपास स्पीड घेऊन मध्यम ब्रेकनं १५ पर्यंत आणा, पूर्ण थांबवू नका, परत स्पीड घ्या. असं आठ-दहा वेळा, मधे थोडं अंतर नुसतं चालवून डिस्क गार होऊ द्या. शेवटी लगेच पेडल दाबून उभे राहू नका, गरम पॅडचं मटेरियल डिस्कवर एका जागी चिकटतं आणि मग पेडल थरथरतं.

घरी आल्यावर दोन्ही पुढच्या रिम जवळून हातानं बघा, दोन्ही सारख्याच कोमट पाहिजेत. डावी जास्त तापली तर रविवारी दुसऱ्या गाडीनं जा आणि पिना परत काढून बघा. सारख्या असतील तर बँजो बोल्ट आणि कॅलिपरचे माउंटिंग बोल्ट एकदा टॉर्क पान्यानं तपासा, बूस्टरपासून चारही चाकांपर्यंत ओल कुठं दिसतीय का बघा, आणि जाऊन या.